छावणी, बाजार आणि स्त्री : कामठीच्या संदर्भात लिंगभाव, अवकाश आणि सत्ता

प्रस्तावना :

इतिहासलेखनात जागेचा विचार बहुधा पार्श्वभूमी म्हणून केला जातो. लढाई अमुक मैदानावर झाली, तह अमुक गावी झाला, इतकीच नोंद करून इतिहासकार पुढे जातो. परंतु जागा ही आपोआप तयार होत नाही. ती समाज घडवतो आणि घडल्यावर ती समाजालाही वळण लावते. हेन्री लफेव्र या फ्रेंच विचारवंताने १९७४ मध्ये हा विचार सविस्तर मांडला. डोरीन मॅसी या भूगोलतज्ज्ञ विदुषीने १९९४ च्या ग्रंथात त्याला लिंगभावाची जोड दिली. घर कोणाचे, रस्ता कोणाचा, रात्री चौकात कोणी उभे राहावे, कोणत्या वस्तीतून कोणाला हाकलता येते, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक समाजात ठरलेली असतात. आणि ती ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याच्याकडेच सत्ता असते.

महाराष्ट्रात या दृष्टीने अभ्यास झाला तो मुख्यतः मुंबई-पुण्याच्या संदर्भात. विदर्भातील नगरांकडे हा प्रश्न घेऊन फारसे कोणी वळलेले नाही. नागपूरपासून सुमारे सोळा किलोमीटर अंतरावर कन्हान नदीच्या उजव्या तीरावर वसलेले कामठी हे गाव या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. बहुतेक जुनी गावे शतकानुशतके हळूहळू वाढलेली असतात. कामठी मात्र १८२१ मध्ये इंग्रजी फौजेची छावणी म्हणून वसवले गेले. म्हणजेच कोणी कोठे राहावे हे येथे आरंभापासून आदेशाने ठरले. या आदेशात स्त्रियांना कोणती जागा मिळाली, ती कोणाच्या गरजेतून मिळाली आणि पुढे त्याच परिसरातील स्त्रियांनी जागेचा अर्थ कसा बदलला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

राजवाडा आणि छावणी :

कामठीची स्थापना समजून घेण्यासाठी नागपूरच्या भोसले दरबाराकडे पाहणे आवश्यक ठरते. मे १८१६ मध्ये नागपूरकरांनी तैनाती फौजेचा तह स्वीकारला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरमध्ये नागपूर इंग्रजांच्या हाती गेले आणि १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले. त्यांच्या जागी अल्पवयीन रघूजी तिसरे यांना गादीवर बसवण्यात आले. राजाचे पालकत्व आणि राजवाड्याची व्यवस्था दुसऱ्या रघूजींच्या पत्नी बाकाबाई यांच्याकडे देण्यात आली. राज्याचा कारभार मात्र रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स राजाच्या नावाने पाहू लागले.

ही विभागणी लक्षात घेण्यासारखी आहे. बाकाबाई या दरबारातील अनुभवी आणि प्रभावी स्त्री होत्या. तथापि नव्या व्यवस्थेने त्यांचा अधिकार राजवाड्याच्या भिंतींपर्यंत मर्यादित केला. महसूल, न्याय आणि फौज ही क्षेत्रे भिंतीबाहेरची, म्हणून पुरुषांची आणि इंग्रजांची मानली गेली. याच काळात, १८२१ मध्ये, कन्हानकाठी छावणी उभी राहिली. एकीकडे स्त्रीच्या अधिकाराला घराची सीमा घातली जात होती आणि दुसरीकडे सोळा किलोमीटरवर सर्वस्वी पुरुषांच्या आज्ञेने चालणारे नगर आकार घेत होते. कालक्रमातील ही जवळीक योगायोगाची असली तरी तिच्या मागील सत्ता एकच होती.

या सत्तेचा प्रत्यय पुन्हा १८५३-५४ मध्ये आला. डिसेंबर १८५३ मध्ये रघूजी तिसरे निपुत्रिक वारले. त्यांच्या ज्येष्ठ राणी अन्नपूर्णाबाई यांनी यशवंतराव यांना दत्तक घेतले व त्यांचे नाव जानोजी ठेवले. हिंदू परंपरेत विधवा राणीने दत्तक घेणे हा वंश आणि राज्य टिकवण्याचा मान्य मार्ग होता. लॉर्ड डलहौसीच्या सरकारने तो अमान्य केला आणि मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. राजवाड्यातील जडजवाहीर व वस्तू ताब्यात घेऊन त्यांची विक्री करण्यात आली. जनानखान्याच्या उंबरठ्यालाही अर्थ उरला नाही. या निर्णयामागे शेवटची शक्ती होती ती कामठीच्या फौजेची. जून १८५७ मध्ये टाकळी येथील घोडदळाच्या उठावाचा बेत फसला तेव्हाही कामठीच्या मद्रासी पलटणी इंग्रजांच्या बाजूने उभ्या राहिल्या.

छावणीचा नकाशा : कुटुंब कोणाला, बाजार कोणासाठी :

कामठीची छावणी नदीकाठाने लांबट पसरली आणि तिच्या आग्नेयेस व्यापारी पेठ वाढत गेली. अधिकाऱ्यांचे प्रशस्त बंगले, गोऱ्या शिपायांच्या बराकी, देशी शिपायांच्या लाइनी, सदर बाजार, पलटणीचे बाजार, रुग्णालय, दफनभूमी अशी छावणीची सर्वसाधारण रचना असे. ही रचना संरक्षण आणि आरोग्य यांच्या नावाने समर्थनीय ठरवली जाई. परंतु तीच रचना दुसऱ्या अंगाने वाचली असता तिच्यातून कोणत्या पुरुषाला कोणते कौटुंबिक जीवन मिळावे याची श्रेणी स्पष्ट होते.

सर्वांत वर गोरा अधिकारी. त्याला बंगला होता आणि पत्नी आणण्याची मुभा होती. विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, प्रवास सुकर झाल्यावर, गोऱ्या मेमसाहेबांची उपस्थिती हे छावणीच्या प्रतिष्ठेचे लक्षण बनले. या बंगल्याचा संसार आया, धोबी, भिस्ती, खानसामा यांच्या श्रमावर चाले आणि त्यांची राहण्याची जागा अंगणाच्या टोकाला असे.

दुसऱ्या श्रेणीत गोरा शिपाई. त्याला लग्न करण्यासाठी परवानगी लागे आणि पलटणीच्या अधिकृत यादीत फारच थोड्या पत्नींना स्थान मिळे. यादीबाहेर लग्न करणाऱ्याच्या बायकोला घर, शिधा, प्रवास यांपैकी काहीच मिळत नसे. कुटुंबवत्सल शिपाई महाग पडतो आणि युद्धाला अडचणीचा ठरतो, असा त्यामागील हिशेब होता. बहुसंख्य तरुण गोरे शिपाई अविवाहित ठेवले गेले आणि त्यांची लैंगिक गरज हा सरकारच्या व्यवस्थेचा विषय झाला.

तिसरी श्रेणी देशी शिपायाची, आणि येथे कामठीचे वेगळेपण दिसते. कामठीला प्रामुख्याने मद्रास लष्कराच्या पलटणी असत. बंगालच्या लष्करातील शिपाई आपले कुटुंब गावी ठेवून येई. मद्रासी शिपाई मात्र बायकामुलांसह पलटणीमागे फिरे. त्यामुळे त्याच्या लाइनी म्हणजे झोपड्यांची, चुलींची आणि मुलाबाळांची वस्ती असे. शिपायांच्या मुलांना लहान वयातच पलटणीच्या पटावर घेण्याची पद्धतही मद्रास लष्करात होती. म्हणजे लाइनीतील स्त्री शिपायाचा संसार सांभाळे आणि पुढचा शिपाईही वाढवे. तिच्या या कामाला कोणत्याही पगारपत्रकात जागा नव्हती. मद्रास इलाख्यातून आलेल्या या कुटुंबांमुळे कामठीत तेलुगू आणि तमिळ भाषिकांची वस्ती रुजली. आजही नगरात नायडू, मुदलियार ही आडनावे आढळतात ती या स्थलांतराची खूण होय.

अशा रीतीने एकाच छावणीत काही शे यार्डांच्या अंतरावर तीन भिन्न व्यवस्था नांदत होत्या. बंगल्यात पत्नी, लाइनीत कुटुंब आणि बराकीसाठी बाजार. पुरुषाचा वर्ण आणि हुद्दा यांनुसार त्याच्या वाट्याला येणाऱ्या स्त्रीचे स्थान आणि तिची जागा निश्चित केलेली होती. स्त्रीची इच्छा या हिशेबात कोठेही नव्हती.

लाल बाजार आणि लॉक हॉस्पिटल :

गोऱ्या पलटणीसाठी राखलेल्या वेश्यावस्तीला हिंदुस्थानातील छावण्यांमध्ये सर्वसाधारणपणे लाल बाजार म्हणत. तिच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला महालदारनी असे नाव होते. १८५७ नंतर हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेची संख्या बरीच वाढवण्यात आली. तिच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या शिपायांमधील गुप्तरोगांचे मोठे प्रमाण हा सरकारच्या चिंतेचा विषय होता. त्यातून १८६४ चा छावणी कायदा आला आणि वेश्यागृहांची तपासणी व नियंत्रण यांसाठी नियम करण्याचा अधिकार छावणीला मिळाला. १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा स्वतंत्र कायदा करून ही व्यवस्था छावणीबाहेरील निवडक शहरांनाही लागू करण्याची सोय झाली.

या नियमांची कार्यपद्धती अशी होती. स्त्रियांचे दोन वर्ग पाडले जात : गोऱ्यांकडे जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या. पहिल्या वर्गातील स्त्रीची नोंद होई, तिला तिकीट मिळे आणि ठरावीक दिवसांनी तिची वैद्यकीय तपासणी होई. रोग आढळल्यास तिला लॉक हॉस्पिटलमध्ये ठेवले जाई आणि डॉक्टरच्या परवानगीशिवाय तिला बाहेर पडता येत नसे. तपासणी चुकवल्यास दंड किंवा कैद होई. छावणीच्या हद्दीतून हद्दपार करण्याचा अधिकारही अधिकाऱ्यांना होता. मद्रास इलाख्यात लॉक हॉस्पिटले शतकाच्या आरंभापासून सुरू होती. मध्यंतरी १८३० च्या दशकात ती बंद करण्यात आली आणि पुढे पुन्हा उघडली. फौज मद्रासची असल्यामुळे मध्य प्रांतात असूनही कामठीचे लॉक हॉस्पिटल मद्रासच्या अहवालांत नोंदले जाई.

या व्यवस्थेत तीन बाबी विशेष उल्लेखनीय आहेत. पहिली बाब म्हणजे रोग दोघांनाही होत असे, तपासणी मात्र एकाचीच होई. शिपायाची सक्तीची तपासणी त्याच्या स्वाभिमानाला धक्का देणारी मानली गेली. स्त्रीला असा स्वाभिमान असू शकतो हे गृहीतच धरले गेले नाही. दुसरी बाब म्हणजे वर्गवारीचा निकष. देशी पुरुषाकडे जाणारी स्त्री सरकारच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य होती. तीच गोऱ्याकडे गेली की ती साम्राज्याच्या संरक्षणाचा प्रश्न बनत असे. म्हणजे नियंत्रणाचा विषय नीती किंवा आरोग्य यांपेक्षाही वंश हा होता.

तिसरी बाब अवकाशाशी थेट संबंधित आहे. नोंदणीच्या जाचातून सुटण्यासाठी अनेक स्त्रिया छावणीच्या हद्दीबाहेर जात, अशी तक्रार त्या काळातील निरनिराळ्या छावण्यांच्या अहवालांत वारंवार आढळते. हद्द ओलांडणे हा त्यांच्या हाती असलेला एकमेव उपाय होता. त्यावर अधिकाऱ्यांचे उत्तर असे की संशयाचे वर्तुळच मोठे करावे. परिणामी गवत कापून विकणाऱ्या, इमारतींवर माती वाहणाऱ्या, छावणीत कामाला येणाऱ्या गरीब स्त्रियांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. या स्त्रिया बहुधा तळच्या जातींतील होत्या. ज्या स्त्रीला घरात बसून राहणे परवडत नाही, तिचे रस्त्यावर दिसणे हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. छावणीची शिस्त आणि जातिव्यवस्थेची नीती यांची येथे गाठ पडली. उच्चवर्णीय स्त्रीच्या शुद्धतेसाठी उंबरठा आणि कष्टकरी स्त्रीच्या वाट्याला संशय, ही विभागणी इंग्रजांनी निर्माण केली नव्हती. त्यांनी तिला कायद्याचे व रजिस्टरचे बळ दिले.

कायदा, निषेध आणि माघार :

इंग्लंडमध्ये याच धर्तीचे कायदे १८६४, १८६६ आणि १८६९ मध्ये झाले होते. जोसेफीन बटलर यांच्या नेतृत्वाखालील दीर्घ चळवळीनंतर ते १८८६ मध्ये रद्द झाले. त्याच वर्षी, १७ जून १८८६ रोजी, हिंदुस्थानातील लष्कराच्या मुख्यालयातून एक परिपत्रक निघाले. पलटणींच्या बाजारात स्त्रियांची संख्या पुरेशी असावी, त्या आकर्षक असाव्यात आणि त्यांना योग्य घरे द्यावीत, असा त्याचा आशय होता. १८८८ मध्ये हे परिपत्रक इंग्लंडमध्ये उघड झाले तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि ५ जून १८८८ रोजी कॉमन्स सभागृहाने सक्तीच्या तपासणीविरुद्ध ठराव केला. हिंदुस्थानातील १८६८ चा कायदा त्याच वर्षी रद्द झाला.

व्यवहारात फारसा फरक पडला नाही. १८८९ च्या छावणी कायद्याखाली तीच पद्धत वेगळ्या शब्दांत चालू राहिल्याचे एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रियांनी १८९१-९२ मध्ये उत्तरेकडील छावण्यांना भेटी देऊन दाखवून दिले. १८९३ मध्ये लंडनमधील चौकशी समितीपुढे त्यांची साक्ष झाली आणि १८९५ च्या कायद्याने सक्तीच्या तपासणीला मनाई करण्यात आली. परंतु त्याच सुमारास हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत गुप्तरोगांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण दर हजारी पाचशेहून अधिक झाले आणि १८९७ मध्ये सरकारने पुन्हा माघार घेऊन नियंत्रणाचे अधिकार परत मिळवले.

या वादाचा एक पैलू दुर्लक्षित राहतो. लंडन आणि सिमला येथे वर्षानुवर्षे चाललेल्या या चर्चेत ज्या स्त्रियांविषयी बोलले जात होते, त्यांचे स्वतःचे म्हणणे अपवादानेच नोंदले गेले. लष्कराला त्या रोगाचे मूळ वाटत होत्या आणि सुधारकांना उद्धाराचा विषय. दोन्ही पक्षांना त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे असे वाटत होते.

याच दशकात विदर्भातील एका स्त्रीने मात्र स्वतःच्या आवाजात प्रश्न विचारला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याला निमित्त सुरतेच्या एका विधवेवरील खटल्याचे होते. छावणीचा त्याच्याशी संबंध नव्हता. तथापि एकाच कृतीसाठी स्त्रीला शिक्षा आणि पुरुषाला मोकळीक का, हा त्यांचा मूळ सवाल लॉक हॉस्पिटलच्या रजिस्टरलाही तितकाच लागू पडतो. साम्राज्याची राजधानी जो प्रश्न कायद्याच्या कलमांत अडकवून बसली होती, त्याचे मर्म वऱ्हाडातील एका स्त्रीने सरळ मांडले, ही गोष्ट विदर्भाच्या इतिहासात अधोरेखित व्हावयास हवी.

छावणीचे गाव ते कामगारांचे गाव :

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि व्यापाराचे केंद्र हळूहळू कामठीकडून नागपूरकडे सरकले. १८८१ च्या जनगणनेत कामठीची लोकसंख्या ५०,९८७ होती. १८९१ मध्ये ती ४३,१५९ आणि १९०१ मध्ये ३८,८८८ झाली. छावणीच्या पैशावर जगणाऱ्या नगराला उदरनिर्वाहाचे दुसरे मार्ग शोधावे लागले. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांचे हातमाग आणि पुढे विडी उद्योग हे या मार्गांपैकी प्रमुख होत.

या दोन्ही उद्योगांत स्त्रियांच्या श्रमाचे स्थान मोठे होते. मात्र तो श्रम घरात होत असे. माग पुरुष चालवी आणि सूत उकलणे, कांड्या भरणे ही कामे घरातील स्त्रिया करीत. विडीच्या कामात पाने कापण्यापासून विडी वळण्यापर्यंत स्त्रिया व मुली गुंतलेल्या असत. काम घरात होते म्हणून ते घरकामाचाच भाग समजले गेले आणि मजुरीचा हिशेब घराच्या कर्त्या पुरुषाकडे किंवा ठेकेदाराकडे राहिला. छावणीत स्त्री रस्त्यावर दिसते म्हणून तिच्यावर संशय होता. येथे ती घरात बसते म्हणून तिचा श्रम अदृश्य झाला. जागा बदलली तरी स्त्रीच्या कामाची किंमत दुसऱ्यानेच ठरवावी, हे सूत्र कायम राहिले.

नागपूर-कामठी रस्त्यावरून :

हे सूत्र तोडण्याचा प्रयत्न ज्या थरातून झाला तो थर छावणीच्या नकाशात सर्वांत खाली होता. जाईबाई चौधरी यांचे चरित्र या दृष्टीने बोलके आहे. १८९२ मध्ये महार कुटुंबात जन्मलेल्या जाईबाई पोटासाठी नागपूर स्थानकावर हमाली करीत आणि कामठीपर्यंत डोक्यावरून ओझी वाहत. एका मिशनरी स्त्रीच्या मदतीने त्यांना शिक्षिकेचे काम मिळाले. परंतु शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच विरोध झाला आणि ती नोकरी सुटली. त्यानंतर १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्या पाठशाळा सुरू केली. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांच्या १९८९ च्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथामुळे जाईबाईंसारख्या अनेक स्त्रियांचे कार्य अभ्यासकांपुढे आले.

ज्या रस्त्यावर कष्टकरी स्त्रीचे असणे संशयास्पद मानले जाई, त्याच रस्त्यावर वर्षानुवर्षे ओझे वाहिलेल्या स्त्रीने शाळेचा दरवाजा उघडला. अवकाशाच्या इतिहासात या घटनेचे मोल कोणत्याही पुलाच्या किंवा बराकीच्या बांधकामापेक्षा कमी नाही.

कामठीतही हे परिवर्तन घडत होते. ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत जन्मलेले बाबू हरदास एल. एन. यांनी महार समाजाच्या संघटनेबरोबर स्त्रियांच्या शिक्षणाचा विषय हाती घेतला. दलित स्त्रियांना व्यावहारिक शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी महिला आश्रम काढला. १९२७ मध्ये कामठीत त्यांनी रात्रशाळा सुरू केल्या. त्यांत ८६ मुले आणि २२ मुली शिकत होत्या. संत चोखामेळा वाचनालयही त्याच सुमारास स्थापन झाले. विडी कामगारांची ठेकेदारांकडून होणारी पिळवणूक थांबावी यासाठी त्यांनी सहकारी तत्त्वावर विड्या तयार करण्याचा उपक्रम केला. १९३७ मध्ये ते नागपूर-कामठी मतदारसंघातून प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले. १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्या तुलनेत रात्रशाळेतील २२ मुलींकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

२२ हा आकडा लहान वाटेल. परंतु ज्या गावात सूर्यास्तानंतर गरीब स्त्रीने घराबाहेर दिसणे म्हणजे बदनामी ओढवून घेणे होते, तेथे रात्रीच्या वेळी कंदिलाच्या उजेडात शिकण्यासाठी २२ मुलींना घराबाहेर पाठवणाऱ्या आईबापांचे धैर्य या आकड्यात सामावलेले आहे. रात्र आणि बाजार ही पुरुषांची मानलेली क्षेत्रे होती. त्यांतील रात्रीवर या मुलींनी हक्क सांगितला.

याची व्यापक परिणती २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत दिसते. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि सुमारे २५,००० स्त्रिया उपस्थित होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परिषदेला मार्गदर्शन केले. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वावर बंदी आणि गिरण्यांतील स्त्री-कामगारांच्या सवलती यांविषयी परिषदेने ठराव केले. विवाह, देह आणि श्रम हे तिन्ही विषय येथे स्त्रियांनी जाहीर मैदानात आपल्या तोंडाने मांडले. १८६४ ते १८९७ या काळातील कायद्यांत ज्यांना बोलण्यास जागा नव्हती, त्याच थरातील स्त्रिया आता कायदा कसा असावा हे सांगत होत्या.

वर्तमानाचा संदर्भ :

स्वातंत्र्यानंतर छावणी राहिली, तिचे स्वरूप बदलले. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण संस्था यांमुळे कामठीची लष्करी ओळख टिकून आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार म्हणून मान्यता दिली. घरातील श्रम दृश्य होण्याच्या दिशेने ते महत्त्वाचे पाऊल होते. गोरा बाजार हे नाव मात्र अजून वापरात आहे. नाव उच्चारताना त्यामागील श्रेणी कोणाच्या ध्यानी येत नाही; जागांची नावे अशाच रीतीने इतिहास जपतात आणि झाकतातही.

हद्दीच्या आधारे स्त्रीदेहाचे नियमन करण्याची पद्धतही संपलेली नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक स्थळांपासून २०० मीटरच्या परिसरात वेश्याव्यवसायास मनाई आहे. याच कायद्याच्या आधारे ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरची गंगा-जमुना ही जुनी वस्ती पोलिसांनी प्रतिबंधित केली. तेथील अल्पवयीन मुलींच्या शोषणाचा प्रश्न गंभीर होता हे नाकारता येत नाही. परंतु वस्ती बंद झाल्यावर तेथील स्त्रियांनी कोठे जावे, हा प्रश्न त्या स्त्रियांनीच रस्त्यावर येऊन विचारला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाही प्रतिष्ठेने जगण्याचा घटनात्मक अधिकार असल्याचे आपल्या आदेशात स्पष्ट केले. कामठीच्या इतिहासाचा विद्यार्थी या घटनांकडे पाहतो तेव्हा त्याला जुने तिकीट आणि जुनी हद्दपारी आठवल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच, आणि तो मोलाचा आहे, की आज त्या स्त्रीला न्यायालयापुढे उभे राहता येते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला निष्कर्ष असा की कामठीची छावणी ही लष्करी रचनेबरोबरच लिंगभावाचीही रचना होती. बंगला, बराक, लाइन आणि बाजार यांची मांडणी करताना कोणत्या पुरुषाला कोणते सहजीवन मिळावे हे वंश व हुद्द्यानुसार ठरवले गेले आणि त्यानुसार स्त्रियांच्या जागा निश्चित झाल्या.

दुसरा निष्कर्ष असा की वसाहतवादी सत्ता आणि जातिव्यवस्था यांचे हितसंबंध स्त्रीच्या वावराच्या प्रश्नावर जुळले. घराबाहेर श्रम करणारी तळच्या जातीची स्त्री दोन्ही व्यवस्थांच्या संशयाची सारखीच बळी ठरली.

तिसरा निष्कर्ष असा की या रचनेला सर्वांत परिणामकारक उत्तर सत्ताधाऱ्यांच्या कायदेबदलातून आले नाही. ते शाळा, वाचनालय, सहकारी उद्योग आणि परिषद अशा नव्या जागा निर्माण करणाऱ्या दलित स्त्री-पुरुषांकडून आले.

स्थानिक इतिहासाच्या लेखनात पलटणींच्या नोंदी, लढायांच्या तारखा आणि पुलांचे खर्च यांना नेहमीच स्थान मिळत आले आहे. लॉक हॉस्पिटलमध्ये कोंडलेली स्त्री, लाइनीतील चुलीपुढची स्त्री, कांड्या भरणारी विणकराची बायको आणि रात्रशाळेतील २२ मुली यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. विदर्भातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील वृद्ध विडी कामगार स्त्रिया, जुन्या लाइनीतील कुटुंबे आणि शाळांचे जुने पट यांच्याकडे वेळीच वळणे अगत्याचे आहे. कागदावर उतरण्याची वाट पाहत असलेल्या या आठवणी फार काळ टिकणाऱ्या नाहीत.